उघड्या टपाच्या मोटारीची रचना

उघड्या टपाची मोटार रस्त्याने जाताना दिसली की पाहणाऱ्याचे मन तिच्या झळाळीत गुंतते. परंतु छप्पर काढून टाकल्याने रचनाकारापुढे केवढी अडचण उभी राहते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जोड्याचे रिकामे खोके घ्यावे. घट्ट झाकण बसवून ते पिळून पाहावे आणि मग झाकण काढून पाहावे. दुसऱ्या खेपेस ते सहज पिळवटते. पुष्कळशा मोटारींचे छप्पर म्हणजे असेच झाकण होय.

या दृष्टीने मर्सिडीझ-बेंझ या जर्मन कंपनीने १९५७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली '३०० एसएल रोडस्टर' ही गाडी आम्हांस अभ्यसनीय वाटते. तिच्या आधीच्या, १९५४ सालच्या छपराच्या गाडीचे दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडत. कित्येकांना ती निव्वळ ऐट वाटते. वास्तविक ती अडचणीतून काढलेली वाट होती. रुडॉल्फ उलेनहाऊट या अभियंत्याने गाडीचा सांगाडा बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून सिद्ध केला होता. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यांत एकेक खिळा ठोकून केली तर ती कलंडते, तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. आपल्या कौलारू घरांच्या छपराची कैची याच तत्त्वावर भार पेलते. या योजनेमुळे सांगाड्याचे वजन पुष्कळ कमी राहिले. मात्र बाजूच्या नळ्या इतक्या उंच आल्या की साध्या दरवाजास जागाच उरली नाही. रोडस्टरसाठी त्या नळ्या खाली आणून इतरत्र बळकटी द्यावी लागली. वजन थोडे वाढले, पण दरवाजे नेहमीसारखे झाले.

इंजिन सहा सिलिंडरांचे, २,९९६ घन सेंटिमीटरचे. पुढील झाकण ठेंगणे राहावे म्हणून ते एका कुशीवर कलते बसवले होते. कार्ब्युरेटरऐवजी पंपाने पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाई. ही पद्धत आधी युद्धातील विमानांत वापरली गेली होती. तिने सुमारे २१५ अश्वशक्ती मिळे आणि मागील दातेरी चाकांच्या प्रमाणानुसार वेग ताशी २५० किलोमीटरपर्यंत जाई. एक खोड मात्र होती : इंजिन बंद केल्यावर ते थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारीतच राही, आणि ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन काढी.

तथापि आमच्या मते या गाडीचा खरा गुण अश्वशक्तीत नाही, तो मागील आसात आहे. जुन्या गाडीत आसाचे दोन्ही अर्धभाग मधल्या पेटीच्या दोन बाजूंस हलत. वळणावर चालकाने घाबरून वेगाच्या पट्टीवरचा पाय एकदम काढला, तर गाडीचा मागचा भाग वर उचले, चाके आत दुमडत, टायरांची पकड सुटे आणि शेपटीचा भाग बाहेर फेकला जाई. अशा वेळी जिवावर बेतण्यास क्षणही पुरे. रोडस्टरमध्ये हा सांधा एकच ठेवून पेटीखाली नेला व त्याच्या जोडीस एक आडवी स्प्रिंग दिली. चाके दुमडण्याचे प्रमाण पुष्कळ घटले.

इतक्या वेगवान गाडीस प्रारंभी ब्रेक मात्र ड्रमचेच होते, जे वारंवार दाबल्यास तापून दुबळे पडतात. डिस्क ब्रेक १९६१ साली आले. १९६३ पर्यंत एकंदर १,८५८ रोडस्टर बांधल्या गेल्या. त्यांतील पहिल्या चार वर्षांच्या गाड्या ड्रमच्याच भरवशावर धावल्या.