अंडं फलित कसं होतं? खुडूक कोंबडी आणि चौथीच्या वर्गातला प्रश्न



मागच्या वर्षी परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, एकवीस दिवस झाले, पिल्लं काऊन नाई निंगाली?"

तिच्या घरची कोंबडी खुडूक झाली होती. आजीने टोपलीत भुसा घालून दुकानातून आणलेली दहा अंडी तिच्याखाली ठेवली. कोंबडी दाण्या-पाण्यापुरती उठायची, परत येऊन बसायची. पण एकही अंडं फुटलं नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, "कोंबडी वांझोटी हाय, विकून टाका." मुलीचा जीव त्या कोंबडीवर. सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

वर्गात दोन-तीन मुलं हसली. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, विषय बदलावा. नर-मादीचं मिलन चौथीच्या मुलांना कसं सांगायचं? पण प्रश्न खरा होता आणि एका मुक्या जिवाचं त्यावर ठरणार होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी हाच पाठ घेतला. तो तुमच्यासाठी इथे देत आहे.

१) कोंबड्याशिवाय अंडं होतं का?

होतं. कोंबडी वयात आली, खाणं आणि उजेड नीट मिळाला की ती अंडी देते. त्यासाठी कोंबडा लागत नाही. पिल्लू व्हायला मात्र कोंबडा लागतोच. कोंबड्याची शुक्रपेशी आणि कोंबडीची अंडपेशी एकत्र आली तर अंडं फलित होतं. नाही आली तर ते अफलित राहतं. असं अंडं कितीही दिवस उबवलं तरी त्यातून पिल्लू निघणार नाही.

अंड्यांच्या व्यापारी फार्मवर फक्त कोंबड्याच पाळतात, कोंबडे ठेवत नाहीत. म्हणून दुकानातली अंडी साधारणपणे अफलित असतात. आजीने नेमकी तीच ठेवली होती.

आपल्या शेंदूरजनाघाटच्या मुलांचा इथे एक वेगळा गोंधळ होतो. ती संत्र्याच्या रोपवाटिकेत वाढलेली. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधला की कलम तयार होते, हे त्यांनी रोज पाहिलेलं. एका मुलाने लगेच विचारलं, "मंग कोंबडीचं तसं काऊन नाई?" छान प्रश्न आहे. कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा पुढे वाढवणं. पिल्लू तसं होत नाही, त्याला आई आणि बाप दोघांचाही वाटा लागतो. इथे पपईचं उदाहरण द्या. नर झाड आणि मादी झाड वेगळं असतं, हे मुलांना माहीत असतं.

२) मिलन कसं होतं?

कोंबडा पंख पाडून कोंबडीभोवती फिरतो, दाणा टिपून तिला बोलावतो. मग तिच्या पाठीवर चढतो, चोचीने मानेची पिसं धरतो आणि तोल सांभाळतो. पक्ष्यांना शेपटीखाली एकच छिद्र असतं. दोघांची ही छिद्रं काही सेकंद एकमेकांना टेकतात आणि शुक्रपेशी कोंबडीच्या शरीरात जातात. मुलांनी हे अंगणात पाहिलेलं असतं. त्यांना वाटतं, कोंबडा कोंबडीला मारतोय. "ही भांडणं नाहीत, अशीच पिल्लांची सुरुवात होते," एवढं सरळ सांगितलं की हसणं आपोआप थांबतं.

कोंबडीच्या अंडवाहिनीत या शुक्रपेशी साठून राहतात. एका मिलनानंतर साधारण दहा ते चौदा दिवस ती फलित अंडी देऊ शकते. म्हणून आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

३) अंडं तयार होताना

आधी पिवळा बलक सुटतो. अंडवाहिनीच्या सुरुवातीला तो जेमतेम पंधरा-वीस मिनिटं थांबतो. फलन व्हायचं तर इथेच, कारण पुढे त्यावर पांढरा बलक चढतो, मग पातळ पापुद्रे आणि शेवटी कवच. कवचालाच सुमारे वीस तास लागतात. सगळं मिळून साधारण २४ ते २६ तास. म्हणजे अंडं घातल्यावर त्याला फलित करता येत नाही. नंतर कोंबडा आणून बसवला तरी उपयोग नाही!

४) पिंजऱ्यातले पक्षी

आपण ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणतो, ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. मोठ्या नराच्या चोचीवरचा भाग सहसा निळा, मादीचा तपकिरी. दोन माद्या एकत्र ठेवल्या तरी अंडी होतात, पण ती अफलित. नर-मादी असूनही अंडी रिकामी निघाली तर आधी बसायची काठी पाहा. काठी हलत असेल तर मिलनाच्या वेळी तोल जातो. घरट्याची पेटी, शांतता आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस हवा. मादी एक दिवसाआड अशी चार ते सहा अंडी देते, सुमारे १८ दिवस उबवते आणि तोवर नर तिला भरवतो.

कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी देते आणि नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. घरट्यात चार अंडी दिसली तर बहुधा दोन माद्यांनीच जोडी केलेली असते.

एक सूचना : आपला रानातला पोपट पिंजऱ्यात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. मुलांना हेही सांगावं.

५) आपला उन्हाळा

फलित अंडंही वाया जाऊ शकतं. उबवायला सुमारे ३७.५ अंश तापमान लागतं. मे महिन्यात आपल्याकडे घरातच दुपारी चाळीसच्या आसपास जातं. साठवलेल्या अंड्यात जीव अवेळी वाढू लागतो आणि मरतो. उष्णतेने कोंबड्याची फलनक्षमताही घटते. म्हणून थंडीत, शक्यतो आठवड्याच्या आतली अंडी बसवावीत.

६) कृती : अंड्यात डोकावू या

उबवायला ठेवल्यापासून सातव्या दिवशी, अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याच्या डब्याला छोटं भोक पाडून आत टॉर्च लावा. भोकावर अंडं धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव वाढतोय. अंडं नितळ दिसलं तर बहुधा ते अफलित. एका अंड्याला अर्धा मिनिटच द्या. नंतर हात साबणाने धुवा.

७) पालक विचारतात

शालेय पोषण आहारात अंडी आली तेव्हा काही पालकांनी विचारलं, "मॅडम, त्यात पिल्लू असते का?" अफलित अंड्यात पिल्लू नसतं आणि होऊही शकत नाही. कधी बलकावर रक्ताचा ठिपका दिसतो, तोही पिल्लाचा नसतो. अंडं बनताना कोंबडीची बारीक रक्तवाहिनी फुटल्याने तो येतो. अंडं खायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं. माहिती मात्र खरी द्यावी.

शेवटी

मुलीने हे सगळं घरी सांगितलं. आजीने कोंबडी विकली नाही. हिवाळ्यात ती पुन्हा खुडूक झाली, तेव्हा ज्या घरी कोंबडा होता तिथून दहा अंडी आणली. सातव्या दिवशी टॉर्चखाली दोन नितळ दिसली, ती काढली. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. एक आतच मेलं होतं.

विचार करा. पहिल्या वेळची अंडी त्या कोंबडीने घातलीही नव्हती. तिने उबवायचं काम चोख केलं होतं. तरी 'वांझोटी' तीच ठरली. माणसांतही मूल झालं नाही की बोट आधी बाईकडेच जातं, आणि मुलं हे घरात ऐकत असतात. पिल्लाला दोघं लागतात, हे चौथीतच नीट कळलं तर पुढे हा शब्द उच्चारताना ती थांबतील. म्हणून मुलांनी विचारलं तर विषय बदलू नका.

तुमच्या वर्गात असे प्रश्न आले असतील तर जरूर कळवा.