हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि चुंबकीय फीत : धारणक्षमतेच्या निवडीचा विचार

भारतीय भाषांतील हस्तलिखितांच्या प्रतिमा तयार करून त्या संगणकावर साठविण्याचे कार्य अनेक ग्रंथालयांनी हाती घेतले आहे. जीर्ण पोथी हाताळावयास मिळणे दुर्मीळ झाले असल्याने पाठसंपादकाचे काम पुष्कळदा या प्रतिमांवरच चालते. त्या ज्या सर्व्हरवर असतात त्याची राखीव प्रत चुंबकीय फितीवर घ्यावी, असा निर्णय झाला की टेप ड्राइव्ह कोणता घ्यावा, हा प्रश्न उपस्थित होतो आणि तो तंत्रज्ञाचा समजून अभ्यासक बाजूला होतात. परंतु संग्रहात पत्रे किती, प्रतिमा कोणत्या प्रतीच्या, त्यांत बदल कशात होतो व वाढ किती, ही माहिती अभ्यासकालाच असते. आणि धारणक्षमतेचा निर्णय मुख्यतः याच माहितीवर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात हे गणित एका कल्पित ग्रंथालयाच्या उदाहरणाने मांडावयाचे आहे.

१. राखीव प्रत म्हणजे काय

म्हाइंभटाने संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे अनुयायांच्या स्मरणातून तिचे निरनिराळे पाठ सिद्ध झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. या पाठभेदांशी झुंजणाऱ्या संपादकास निराळ्या ठिकाणी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीचे मोल वेगळे सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजी झालेला हल्ला, किंवा १९८१ मध्ये झालेले जाफना ग्रंथालयाचे दहन, या घटना हेच सांगतात.

सर्व्हरमध्ये एकाच मजकुराची दोन तबकड्यांवर नोंद होत असते, मग फीत कशाला, असे विचारले जाते. या दोन तबकड्या एकमेकींच्या सावल्या आहेत. एका तबकडीवरील धारिका चुकून पुसली गेली की दुसरीवरूनही ती त्याच क्षणी जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या टपालसेवेतील काही ग्राहकांची पत्रे आज्ञावलीतील दोषामुळे अनेक प्रतींतून एकदमच नाहीशी झाली. ती परत मिळाली फितींवरून, कारण फिती यंत्राशी जोडलेल्या नव्हत्या. कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत चूक पोहोचू शकत नाही, हाच तिचा मोठा गुण होय.

२. संग्रहाची मोजणी

समजा, एका ग्रंथालयात ४,००० हस्तलिखिते आहेत आणि प्रत्येकात सरासरी १५० पत्रे आहेत. पत्राच्या दोन्ही बाजू धरता १२ लाख प्रतिमा होतात. ए-४ आकाराचे पान इंचाला ४०० बिंदू या प्रमाणात, पूर्ण रंगांत आणि असंक्षिप्त ‘टिफ’ रूपात साठविले तर एका प्रतिमेस सुमारे ४६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे संपूर्ण संग्रह सुमारे ५५.२ टेराबाइटचा झाला. दरवर्षी २०० नव्या हस्तलिखितांची भर पडते असे धरले तर ६०,००० प्रतिमा, म्हणजे सुमारे २.८ टेराबाइट वाढतात. ड्राइव्ह किमान पाच वर्षे वापरावयाचा असल्याने हिशेब आजच्या ५५ टेराबाइटचा न करता पाच वर्षांनंतरच्या ६९ टेराबाइटचा केला पाहिजे.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. प्रतिमा एकदा तयार झाल्यावर बदलत नाहीत. सूची, वर्णने आणि लिप्यंतरे मात्र रोज बदलतात. बदलणाऱ्या भागाची प्रत रोज घ्यावी लागते. प्रतिमांची संपूर्ण प्रत एकदा घेऊन पुढे केवळ नव्यांची भर घालणे पुरते. सर्वच सामग्री रोज फितीवर उतरवू पाहणारी योजना विनाकारण मोठा ड्राइव्ह मागते आणि तरीही अपुरी पडते.

३. वेष्टणावरील आकडा आणि खरा आकडा

आज सर्वाधिक प्रचारात असलेली फीत ‘लिनियर टेप-ओपन’ म्हणजे एल.टी.ओ. या प्रकारची आहे. तिची पहिली पिढी २००० साली १०० गिगाबाइटची होती. सहावी पिढी (२०१२) २.५ टेराबाइट, सातवी (२०१५) ६, आठवी (२०१७) १२ आणि नववी (२०२१) १८ टेराबाइट इतकी सामग्री एका कार्ट्रिजवर सामावून घेते. परंतु वेष्टणावर ठळकपणे छापलेला आकडा पुष्कळदा याच्या अडीचपट असतो : आठवीवर ३०, नववीवर ४५. सामग्री संक्षेपाने अडीच पटींनी लहान होईल, हे गृहीत त्यामागे असते.

आपल्या संग्रहास हे गृहीत लागू पडत नाही. ‘जेपेग’ रूपातील प्रतिमा आधीच संक्षिप्त असते. ती आणखी लहान होत नाही. असंक्षिप्त प्रतिमा काहीशी आकसते. परंतु जुन्या कागदाचे तंतू, डाग आणि शाईचा उतार यांमुळे शेजारचे दोन बिंदू क्वचितच समान असतात, आणि संक्षेपाला हवी असते ती पुनरावृत्ती. याच्या उलट, लिप्यंतरित मजकूर उत्तम आकसतो. पण त्याला मुळात जागाच अल्प लागते. प्रत्येक पानावर १,८०० वर्णचिन्हे असलेला ५०० पानांचा देवनागरी ग्रंथ युनिकोडच्या प्रचलित रूपात, चिन्हास तीन बाइट धरून, २.७ मेगाबाइटचा होतो. एका पानाच्या प्रतिमेच्या जागेत असे सतरा ग्रंथ मावतात. तात्पर्य, जेथे संक्षेप साधतो तेथे त्याची गरज नाही, आणि जेथे गरज आहे तेथे तो साधत नाही. म्हणून हस्तलिखित-संग्रहाने नेहमी मूळ, असंक्षिप्त आकडाच धरावा.

त्या आकड्याने ६९ टेराबाइटसाठी सहाव्या पिढीच्या २८, आठवीच्या ६ आणि नववीच्या ४ फिती लागतात. वेष्टणावर विश्वासून नववीच्या दोनच फिती मागविणाऱ्या ग्रंथालयाचा जवळजवळ निम्मा संग्रह बाहेर राहील. संगणक पुष्कळदा द्विमान पद्धतीने मोजत असल्याने १२ टेराबाइटची फीत पडद्यावर १०.९ अशी दिसू शकते. हा दोष नव्हे, मोजमापातील फरक आहे.

४. वेळेचे गणित

धारणक्षमता पुरेशी असूनही रात्र अपुरी पडू शकते. सेकंदाला ३०० मेगाबाइट या गतीने आठव्या पिढीची एक फीत भरण्यास सुमारे अकरा तास लागतात, नववीची भरण्यास सुमारे साडेसोळा. रात्री आठ ते सकाळी आठ एवढाच अवधी असेल तर पहिली एका रात्रीत पूर्ण होते, दुसरी होत नाही. नववीचे पूर्ण उंचीचे ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइट लिहितात. तरीही साडेबारा तास लागतातच.

अर्थात ही गती ड्राइव्हची आहे. सर्व्हर व ड्राइव्ह यांच्यामध्ये एक गिगाबिटचे जाळे असेल तर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइटच येतात आणि ५५.२ टेराबाइट उतरविण्यास जवळजवळ सहा दिवस लागतात. ड्राइव्हला आपली गती काही मर्यादेपर्यंत कमी करता येते. त्याहून कमी पुरवठा झाल्यास फीत थांबते, मागे सरते, पुन्हा पुढे येते. या येरझारांत वेळ जातो आणि फीतही झिजते. म्हणून टेप ड्राइव्ह थेट सर्व्हरला जोडता येतो की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

५. वाचता येण्याची हमी

महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत सुरक्षित होते; पण विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिची किल्ली मिळेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांस ते अक्षरशः मुके होते. फितीचेही तसेच आहे. योग्य स्थितीत ती तीस वर्षे टिकू शकते. तिचे वाचन करणारे यंत्र तितके टिकेलच असे नाही.

सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचू शके. आठवीपासून हा नियम बदलला : आठवीचा ड्राइव्ह सातवीची आणि नववीचा आठवीची फीत वाचतो, त्यामागील नाही. २०२५ मध्ये आलेल्या दहाव्या पिढीचा ड्राइव्ह तर मागील एकही फीत वाचत नाही. म्हणजे ज्या संस्थेच्या कपाटात सहाव्या पिढीच्या फिती आहेत, तिच्यासाठी सातवीचा ड्राइव्ह हा शेवटचा दुवा आहे. तो मिळत आहे तोवरच जुन्या फितींवरील सामग्री नव्या फितींवर उतरवून घेणे शहाणपणाचे.

जुने लेखक पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या वा ओवीसंख्या नोंदवीत. नकलेत काही गळले तर ती संख्या चुकीची साक्ष देई. संगणकही प्रत्येक धारिकेसाठी असा पडताळा-अंक काढू शकतो. फीत लिहून झाल्यावर ती परत वाचून हे अंक जुळवावेत, आणि वर्षातून एकदा तरी काही हस्तलिखिते फितीवरून प्रत्यक्ष परत मिळवून पाहावीत. अशी परीक्षा न झालेली राखीव प्रत ही केवळ आशा असते.

६. निष्कर्ष

आपल्या कल्पित ग्रंथालयाने नवव्या पिढीचा ड्राइव्ह घेणे इष्ट ठरते. चार फितींत संग्रह मावतो. परंतु त्यांत केवळ तीन टेराबाइट शिल्लक राहत असल्याने प्रत्येक संचात पाच फिती धराव्यात. असे दोन संच असावेत आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी ठेवावा. फितींच्या खोलीत तापमान १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० ते ५० टक्के असावी. किनारपट्टीवरील संस्थांनी ही अट विशेष गांभीर्याने घ्यावी. निधी मर्यादित असल्यास आठवी पिढीही पुरेशी आहे. स्वस्त मिळतो म्हणून सहावीचा ड्राइव्ह मात्र घेऊ नये. प्रत्येक संचासाठी अठ्ठावीस वेळा फीत बदलण्याचे काम माणसावर पडते, आणि काही महिन्यांतच ते टाळले जाऊ लागते.

आकडे पिढीगणिक बदलतील. विचाराचा क्रम बदलणार नाही. प्रथम संग्रह मोजावा, मग त्याची वाढ, मग उपलब्ध रात्र, मग वाचनाची हमी आणि अखेरीस किंमत. यांतील पहिल्या दोन गोष्टी हस्तलिखितांशी रोज संबंध असलेल्या अभ्यासकानेच सांगावयाच्या असतात. त्या सांगण्यापूर्वी घेतलेला ड्राइव्ह केवळ अंदाजाने घेतलेला असतो.