चक्क्यातलं पालक-शेपूचं डिप

साहित्य : ताजं, गोडसर दही अर्धा किलो, पालकाची 1 मध्यम जुडी, कोवळा शेपू मूठभर, लसणाच्या 4 पाकळ्या, तेल 2 चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, मिरपूड, मीठ.

दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, चाळणीखाली पातेलं ठेवा आणि हे सगळं 4 तास फ्रीजमध्ये राहू द्या. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात चक्का हमखास आंबतो. श्रीखंडाइतका कोरडा चक्का इथे नको, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत हवा. पातेल्यात साठलेल्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

आता पालक. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात बुडवा, हलवा आणि हातानं वर उचलून घ्या. चाळणीत उपडी केलीत तर तळाशी बसलेली माती परत पानांवरच येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असंच धुवा. मग उकळत्या पाण्यात फक्त 1 मिनिट ठेवून लगेच गार पाण्यात टाका. रंग हिरवागार राहतो. पालकातल्या ऑक्झॅलेटचा बराच भाग उकळत्या पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी टाकूनच द्या.

पालक दोन्ही तळव्यांत दाबून घट्ट पिळा. या पदार्थाचं सगळं यश पिळण्यात आहे. ओला राहिलेला पालक तासाभरात चक्क्याची कोशिंबीर करून टाकतो. एवढ्या जुडीचा जेमतेम मुठीत मावेल असा गोळा उरतो. तो सुरीनं बारीक चिरा. मिक्सर अजिबात नको, त्यात चक्का पातळ होतो आणि पानांचा लगदा.

लसूण ठेचून तेलात मंद आचेवर फिका सोनेरी होईपर्यंत परता. लाल झाला की कडवट लागतो. तेलासकट गार होऊ द्या. इराणमध्ये पालक आणि घट्ट दह्याची बोरानी करतात, तिलाही परतलेल्या लसणाचीच चव असते. शेपू मात्र आपली भर. तो कच्चाच, अगदी बारीक चिरून घाला. एरवी शेपूला नाक मुरडणारेही दह्यातला आवडीनं खातात.

सगळं चमच्यानं हलकेच कालवा. मीठ वाढायच्या आधी घाला, नाहीतर पाणी सुटतं.

गाजर, काकडी, मुळ्याच्या लांब फोडींबरोबर द्या. शिळ्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून घेतले, तर वेफर्सची आठवणही होत नाही. उरलं तर फ्रीजमध्ये झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.