गोमूचा नाखवा आणि डब्लिनची आजी

प्रश्न : माझी भाची नोकरीनिमित्त डब्लिनला असते. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, शेजारच्या आजीबाईंनी तिला जेवायला बोलावलं. जेवणं आटोपल्यावर घरातली माणसं एकेक करून गाऊ लागली. कुणीतरी ‘डॅनी बॉय’ धरलं आणि आजीबाईंचे डोळे भरून आले. गंमत म्हणजे शब्द धड कळत नसताना आमच्या भाचीलाही रडू फुटलं. आणि तिला आठवली कोण, तर माझी आई! पडवीत सुकी सुंगटां निवडत, मांजराला हाकलत ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा’ गुणगुणणारी. आई आता पंच्याऐंशीची आहे. रात्री भाचीचा फोन, “मावशी, ह्या असा कसा झाला?” माका काय सांगूक येयना. त्या आयरिश गाण्यात आणि आमच्या गोमूत सारखं काय आहे?
– एक वाचक, देवबाग, ता. मालवण

उत्तर : ताई, अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ते सुक्या सुंगटांत आहे. भाचीला नुसतं गाणं आठवलं असतं तर रडू आलं नसतं. तिला पडवी आठवली, सूप आठवलं, डोकी-शेपट्या खुडणारी बोटं आठवली, आणि मांजर आलं की मध्येच तुटणारी ओळ आठवली. या सगळ्याची मोट बांधणारी सुतळी म्हणजे ते गाणं. डब्लिनच्या आजीबाईंची सुतळी वेगळी, मोटही वेगळी. पण समोरचं माणूस आपली मोट सोडतंय हे दिसलं की आपलीही गाठ सुटते. त्याला इंग्रजी यावं लागत नाही.

ही गाठ मेंदूतही दिसते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत २००९ साली एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून त्यांच्या शाळकरी वयात गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले. ज्या तुकड्याने एखादा जुना प्रसंग जागा केला, त्या वेळी कपाळामागचा, मेंदूच्या मधल्या बाजूचा भाग जास्त काम करताना दिसला. चाल, आपल्या आयुष्यातला प्रसंग आणि त्या वेळचं सुखदुःख यांची गाठ तिथे पडते. अल्झायमरच्या आजारात हा भाग इतर काही भागांच्या मानाने उशिरा झिजतो. घरच्यांची नावं विसरलेली म्हातारी माणसं आरती सुरू झाली की ओठ हलवू लागतात, त्यामागे हेही एक कारण असावं.

तुम्ही म्हणाल, ‘गोमू’ आलं ‘वैशाख वणवा’ या १९६४ च्या चित्रपटातून. भाचीचा तेव्हा पत्ताच नव्हता. मग ते तिचं कसं झालं? कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१३ साली याच कोड्याला हात घातला. विशीतल्या मुलामुलींना त्यांनी १९५५ पासून २००९ पर्यंतची गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या वयातली गाणी जवळची वाटणार, हे उघडच होतं. पण आईवडील तरुण असतानाची गाणीही या मुलांच्या आठवणींत रुतलेली निघाली, आणि १९६० च्या दशकातली, म्हणजे बहुधा आजी-आजोबांच्या घरातून आलेली गाणीसुद्धा. थोडक्यात, गाणं वारसाहक्काने येतं. सातबाऱ्यावर त्याची नोंद होत नाही, एवढंच.

आता दोन गाण्यांत सारखं काय, या तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. पहिलं साम्य ऐकून तुम्हाला हसू येईल. दोन्ही गाणी ‘बाहेरच्यांनी’ लिहिलेली आहेत!

‘डॅनी बॉय’ आयरिश माणसाने लिहिलेलं नाही. ते लिहिलं फ्रेड वेदरली नावाच्या इंग्रज वकिलाने. शब्द त्याने १९१० साली लिहून ठेवले होते. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत राहणाऱ्या भावजयीने त्याला एक जुनी आयरिश चाल पाठवली, शब्द तिच्यावर बसले आणि १९१३ मध्ये गाणं छापून आलं. ‘व्हेन आयरिश आइज आर स्मायलिंग’ हे दुसरं लाडकं गाणं तर १९१२ साली अमेरिकेतल्या गाण्या-नाटकांच्या मंडळींनी रचलेलं. तरी आयर्लंडच्या घराघरांत ती आपलीच म्हणून गातात.

आणि आपला नाखवा? ‘गोमू’ लिहिलं ग. दि. माडगूळकरांनी. त्यांचा जन्म माणदेशातल्या शेटफळ्याचा, जिथे पावसाचीच वाट पाहत बसायचं, तिथे खाडी कुठून असणार! ‘मी डोलकर’ लिहिणाऱ्या शान्ता शेळके पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरच्या. समुद्राशी नातं म्हणायचं तर ‘गोमू’ गाणाऱ्या जितेंद्र अभिषेकींचं. ते गोव्यातल्या मंगेशीचे. म्हणून ही गाणी खोटी ठरतात का? मुळीच नाही. गाणं लिहिणाऱ्याच्या गावावरून त्याचं घर ठरत नाही. ते कुणाच्या पडवीत म्हटलं गेलं, यावरून ठरतं.

दुसरं साम्य वियोगाचं, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून काही वर्षं बटाट्याचं पीक कुजलं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. जाणं पुढेही थांबलं नाही. घरातला तरुण बोटीवर चढण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमत, गात, नाचत, रडत. या रात्रीला ते ‘अमेरिकन वेक’ म्हणत. ‘वेक’ म्हणजे मयताच्या घरचं जागरण. गेलेला परत दिसायचा नाही, हे धरूनच चालत.

आपल्याकडे मुंबई काही अमेरिकेइतकी लांब नव्हती, पण वाट पाण्याचीच होती. मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या बंदरातून होडीने खोल पाण्यातल्या आगबोटीपर्यंत जायचं, आणि मग परळ-लालबागच्या गिरणीत. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. तोवर कित्येक घरांत बापूस म्हणजे मनीऑर्डर आणि गणपतीत येणारा पाहुणा. आवस मात्र कायम घरात. म्हणून आपल्या घरातली गाणी मुलांना आठवतात ती बहुतेक आईच्या, आजीच्या आवाजात.

दोन्ही गाणी वियोगाच्या कडेवर उभी आहेत. फरक एवढाच, की ‘डॅनी बॉय’मध्ये गाणारं माणूस मागे राहतं आणि जाणाऱ्याला निरोप देतं, ‘गोमू’त बाई स्वतःच निघते, तीही माहेरी. म्हणून त्या गाण्याचा ताल नाचरा आहे. तुम्ही देवबागच्या. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. तुमच्या वाडीतल्या कितीतरी सुनांचं माहेर पलीकडच्या काठाला, कोरजाई-भोगव्याकडे असेल. माहेर डोळ्यांना दिसतंय, पण मध्ये पाणी आणि होडी नाखव्याच्या हातात! अशा बाईने ‘गोमू’ गुणगुणलं की ती चित्रपटाचं गाणं म्हणत नसते. मुलं ते ऐकतात, त्यांना अर्थ कळत नाही, पण आईचा आवाज त्या ओळीला जरासा बदलतो, हे बरोबर कळतं.

जाता जाता एक सांगतो. ‘गोमू’ कुठे जात नाही. ते आता कुणाच्याही फोनवर सापडतं. जाणार आहेत ती दुसरी गाणी. गौरीपुढच्या फुगड्यांची, जात्यावरच्या ओव्यांची, लावणीच्या चिखलातली. गणपतीत वाडीतलं भजन घरोघरी फिरतं, बुवा पेटीवर, बाजूला पखवाज, पोरांच्या हातात झांजा, शेवटी काळ्या वाटाण्याची उसळ नि चहा. तिथे निदान दहा जण पाठ राखायला असतात. फुगडीचं तसं नाही. त्यात सासू-नणंदांची नावं घालून प्रत्येक बाई आपला शब्द फिरवते. तुमच्या आईने जशी म्हटली, तशी ही गाणी कुठल्याही तबकडीवर नाहीत.

‘डॅनी बॉय’च्या चालीचीच गोष्ट पाहा. उत्तर आयर्लंडमधल्या लिमावडी गावच्या जेन रॉस यांनी ती ऐकून टिपली आणि जॉर्ज पेट्री यांच्या १८५५ च्या संग्रहात ती छापली गेली. चाल वाचली, पण तिचं नाव काय, हे काही त्या संग्रहात आलं नाही. पुढे परगण्यावरून तिला ‘लंडनडेरी एअर’ म्हणू लागले. आज जगभर माणसं त्या चालीवर रडतात, आणि तिचं घरचं नाव कुणाला सांगता येत नाही.

तेव्हा आईजवळ बसा. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करा आणि तीनच गोष्टी विचारा : हे गाणं कुणाकडून शिकलीस, कुठलं काम करताना म्हणायचीस, यात नावं कुणाची आहेत? शब्द मालवणीतच लिहून ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका. आणि भाचीला सांगा, पुढचा फोन मावशीला नको, आजीला लाव आणि तिला गायला सांग. गाता गाता आजीने मांजराला हाकललं, तर तेही पुसू नका.