तेंदू घटकांच्या सीमा

कोरपना तालुक्यात उन्हाळ्यात तेंदूपानांच्या संकलनासाठी फळ्या लागतात. वनउपजाच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या १९६९ च्या राज्य अधिनियमान्वये शासन वनक्षेत्र घटकांत विभागते आणि प्रत्येक घटकातील खरेदीचा अधिकार नियुक्त खरेदीदाराकडे सोपविते. वाहतूक परवाना व फळीवरील नोंदी तपासून सीमेचे पालन करविले जाते.

पुडा ७० पानांचा व प्रमाण गोणी १,००० पुड्यांची असते. शेजारच्या घटकातील पाने मिसळल्यास नोंदी बिघडतात आणि संकलकाच्या बोनसला बाध येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा पानांची विक्री स्वतः करू शकतात. तेथे मान्य झालेली गावसीमाच निर्णायक ठरते. म्हणून हंगामापूर्वी ग्रामसभेत सीमावाचन होणे हितावह आहे.