पीएसएच्या एका आकड्यावरून भविष्य ठरत नाही

प्रश्न : बाबा ६९ वर्षांचे आहेत. बेंगळुरूत बायोप्सी झाली आणि प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. पीएसए १४, ग्लीसन ३+४. आजार पुढे किती वाढेल, हे प्रथिनांच्या तपासणीतून कळेल का?
– एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू

उत्तर : काही अंशी कळते. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. १० ते २० दरम्यानचा पीएसए आणि ग्लीसन, म्हणजे बायोप्सीतील पेशी किती आक्रमक दिसतात याचा गुण, ७ (३+४ ची बेरीज) ही मध्यम जोखमीची लक्षणे आहेत, मात्र आजार ग्रंथीबाहेर गेलेला नसावा. ३+४ हा प्रकार ४+३ पेक्षा सौम्य असतो.

बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर आणखी दोन प्रथिने तपासता येतात. केआय-६७ जास्त असेल तर पेशी वेगाने वाढत आहेत. पीटेन हे वाढीला लगाम घालणारे प्रथिन. ते नाहीसे झाले असेल तर आजार आक्रमक असण्याची शक्यता वाढते. या तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत. उपचार निवडताना संभ्रम असेल तेव्हाच त्यांचा खरा उपयोग होतो.

ग्रंथी काढल्यावर पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा. तो पुन्हा ०.२ वर गेला, तर आजार परतल्याची शंका घ्यावी. बाबा फिनास्टेराइड घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्या गोळीने पीएसए निम्म्यावर येतो.

किडवाईसारख्या कर्करोग संस्थेत बायोप्सीच्या स्लाइड्स दाखवून दुसरे मत घ्या. घाबरून घाईने निर्णय घेऊ नका, पण पाठपुरावाही चुकवू नका.