ज्युरीला सांगितलेला एक अर्थ

प्रेम नसणे म्हणजे द्वेष असणे काय? हा प्रश्न एखाद्या कवितेच्या रसग्रहणात शोभावा. परंतु १८९७ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयात तो नऊ ज्युरींपुढे आला, आणि त्याच्या उत्तरावर लोकमान्य टिळकांचे स्वातंत्र्य अवलंबून होते. राज्यशास्त्राच्या तासाला राजद्रोहाचे कलम शिकताना मी या खटल्याकडे वळलो, तो खरे म्हणजे या एका शब्दासाठीच.

ज्युरीची पद्धत आपल्या फौजदारी न्यायालयांत आज नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. तीत कामाची वाटणी अशी असे : काय घडले ते ज्युरीने ठरवायचे आणि कायदा काय ते न्यायाधीशाने सांगायचे. वकिलांची भाषणे संपली की न्यायाधीश ज्युरीला उद्देशून समारोप करी व गुन्ह्याचे घटक समजावून देई. चोरीचेच घ्या. वस्तू हलवली एवढ्याने चोरी होत नाही. ती दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून आणि अप्रामाणिक हेतूने हलवलेली हवी. अंधारात आपली समजून शेजाऱ्याची होडी मी वल्हवत नेली, तर मी वेंधळा ठरेन, चोर नव्हे.

टिळकांवरील आरोप १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील मजकुराबद्दल होता. शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत, अफजलखानाच्या वधाची चर्चा आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता त्यात होती. आठवड्याने, २२ जूनला, पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. खटला मात्र खुनाचा नव्हता. तो कलम १२४ अ खालचा, सरकारविषयी 'अप्रीती' उत्पन्न केल्याचा होता. सरकारची आज्ञा मानण्याची वृत्ती कायम ठेवून त्याच्या कृत्यांविषयी नापसंती दाखवणे म्हणजे अप्रीती नव्हे, असे कलमाचे स्पष्टीकरणच सांगत होते.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला अर्थ सांगितला तो असा : अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, द्वेष, वैर, तिरस्कार, सर्व प्रकारची दुर्भावना तीत येते. ती किती तीव्र, हा प्रश्न गौण. दंगा झाला की नाही, हाही गौण. आमच्या कोकणात गडग्यावरून दोन भावांचे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या बंद असते. त्यांच्यात प्रीतीचा अभाव आहे हे कुणीही शपथेवर सांगेल. पण एकाने दुसऱ्याचे घर जाळण्याची चिथावणी दिली, असे त्यावरून कोण म्हणेल? असा अर्थ एकदा सांगितल्यावर ज्युरीने ठरवायचे उरले तरी काय? सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले व अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सहाही जण युरोपीय होते. आणि लेख मराठी!

न्यायाधीशाचे असे सांगणे चुकले तर वरचे न्यायालय हस्तक्षेप करू शके. नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. अपघाताचा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, हे न्यायाधीशाने ज्युरीला नीट सांगितले नव्हते, त्या बचावाचे घटकही समजावले नव्हते. उच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारून शिक्षा दिली व १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. टिळकांना मात्र प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगीच नाकारली. वर १८९८ च्या दुरुस्तीने अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव व वैरभावना येतात, असे कलमातच लिहिले गेले. हिंसेची वा अव्यवस्थेची चिथावणी हवी, हा अर्थ आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९६२ मध्ये, केदारनाथ सिंह खटल्यात.

१८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद करणारे बॅरिस्टर दावर हेच १९०८ च्या खटल्यात न्यायाधीश होते. खास ज्युरी नेमली तर मराठी न जाणणारे युरोपीयच बहुसंख्य होतील, ही टिळकांच्या बाजूची हरकत त्यांनी मानली नाही. त्या ज्युरीत सात युरोपीय व दोन पारशी बसले, आणि निकाल लागला तो सात विरुद्ध दोन.